भूतानसाठी छोट्या गटाची सहल निवडताना नेमके काय पाहावे?

मुठाकाठ :

नमस्कार. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, भूतानला जाण्याचा आमचा विचार आहे. आम्ही तिघे आहोत : मी (वय ५९), माझे यजमान (वय ६३) आणि माझी थोरली बहीण (वय ६७). राहायला कोथरूडला आहोत. यजमानांचा उजवा गुडघा चढताना फारसा त्रास देत नाही, पण उतरताना दुखतो. बहिणीला रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि रक्तदाब आटोक्यात आहे. चाळीस जणांच्या सहलीचा अनुभव आम्ही एकदा घेतला आहे. पहाटे बॅगा खोलीबाहेर ठेवण्यापासून रात्री जेवणाच्या रांगेपर्यंत सगळा दिवस घड्याळाकडे पाहण्यातच गेला होता. त्यामुळे या वेळी छोट्या गटातूनच जायचे असे तिघांनी मिळून ठरवले आहे.

दोन प्रस्ताव हाती आले आहेत. पहिला पुण्यातल्या एका संयोजकांचा आहे. बारा ते सोळा जणांचा गट, सोबत मराठी बोलणारा टूर मॅनेजर, बागडोगऱ्याला विमानाने उतरून पुढे रस्त्याने सीमेवरच्या जयगाव-फुंतशोलिंगमार्गे प्रवेश, आणि सहा रात्री : फुंतशोलिंग एक, थिंपू दोन, पुनाखा एक, पारो दोन. सातव्या दिवशी सकाळी पारोहून निघून त्याच संध्याकाळी बागडोगऱ्याहून परतीचे विमान आहे. दुसरा प्रस्ताव थिंपूतील एका परवानाधारक संयोजकांचा आहे. त्यात जास्तीत जास्त आठ जण, कोलकात्याहून विमानाने थेट पारो, आणि याही सहाच रात्री : पारो दोन, थिंपू एक, पुनाखा एक, फोबजिखा एक आणि शेवटी पुन्हा पारो एक. यात तक्त्संगचा, म्हणजे टायगर्स नेस्ट या कड्यावरच्या मठाचा, चढ दुसऱ्याच दिवशी ठेवला आहे. विमानाचा खर्च धरून दुसरा प्रस्ताव माणशी सुमारे अठरा हजारांनी महाग पडतो.

पैशांची ओढाताण नाही, पण उगाच जास्त मोजण्याचीही इच्छा नाही. आठ जण आणि सोळा जण यांत प्रत्यक्ष फिरताना खरोखर किती फरक पडतो? मराठी मॅनेजर नसला तर अडते का? आणि आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी संयोजकांना कोणते प्रश्न विचारावेत? जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


पर्वतीपायथा :

आम्ही दोघे पती-पत्नी तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्येच जाऊन आलो. त्या वेळी आमची जी निराशा झाली ती आपल्या वाट्याला येऊ नये म्हणून थोडे तपशिलाने लिहितो.

आम्हाला गट दहा जणांचा असल्याचे सांगितले होते आणि पुण्याहून आम्ही दहाच जण निघालो. बागडोगऱ्याला उतरल्यावर कळले की, दुसऱ्या दोन शहरांतून आलेल्या तेरा जणांसह आमचा एकच गट केला आहे. तेवीस माणसे, एक बस, एक भूतानी मार्गदर्शक आणि एक मॅनेजर. पहिले चार दिवस फारसे काही वाटले नाही, कारण थिंपूतला बुद्धाचा भव्य पुतळा किंवा पुनाखाचा झोंग (किल्लेवजा मठ) दहा जणांनी पाहिला काय आणि तेवीस जणांनी पाहिला काय, तिथे कुणी कुणाच्या वाटेत येत नाही. फरक पडला तो तक्त्संगच्या दिवशी.

तक्त्संगचा मठ सुमारे ३,१२० मीटर उंचीवर आहे आणि जिथे गाडी सोडते तो पायथा सुमारे २,६०० मीटरवर. म्हणजे निव्वळ चढ पाचशे मीटरच्या थोडा वर. आतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल, मलाही वाटला होता. परंतु वाट अर्ध्यावर आली की दम लागण्याची जातच वेगळी असल्याचे कळते. अर्ध्या वाटेवर एक कॅफेटेरिया आहे, तिथून दरीपलीकडच्या कड्याला चिकटलेला मठ समोर दिसतो. तिथून पुढे पुन्हा चढ, मग समोरासमोर आल्यावर शेकडो पायऱ्या खाली उतरून धबधब्यापाशी जायचे आणि तिथून पुन्हा पायऱ्या चढून मठात पोहोचायचे. येताना हेच सगळे उलट. सावकाश जाणाऱ्याला जाऊन-येऊन सहा तास सहज लागतात.

आमच्या मॅनेजरने दुपारी एकपर्यंत सर्वांनी खाली बसपाशी यावे असे सांगितले होते, कारण जेवण हॉटेलवर ठरले होते आणि दुपारी आणखी दोन ठिकाणे दाखवायची होती. मार्गदर्शक तरुण मंडळींबरोबर पुढे निघून गेला. आम्ही कॅफेटेरियात पोहोचलो तेव्हा पावणेअकरा झाले होते. पत्नीला चालवत होते, फक्त तिला वेळ हवा होता. पुढे जाऊन एकपर्यंत परतणे शक्य नव्हते. लाकडी बाकावर बसून तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. चहा गार होईपर्यंत ती समोरच्या मठाकडे पाहत होती, आणि मग "चला, उतरू या," एवढेच म्हणाली. त्या बाकापासून मठापर्यंतची हवेतली रेघ काही शे मीटरचीच असेल. आम्ही वीस वर्षे मनात धरलेली जागा तेवढ्या अंतरावरून पाहून परत आलो.

म्हणून माझे मत असे की, गट आठचा की सोळाचा हे विचारण्याआधी तक्त्संगच्या दिवशी दुसरे काहीही ठेवलेले नाही ना, हे विचारावे. तो दिवस संध्याकाळपर्यंत पूर्ण मोकळा हवा. मागे राहणाऱ्यांबरोबर कोण थांबणार, वर जाणाऱ्यांबरोबर कोण जाणार आणि मध्येच परतणाऱ्याला हॉटेलवर नेण्यास गाडी मोकळी असेल का, याचे उत्तर संयोजकाने लगेच द्यायला हवे. आठ जणांच्या गटात हे जमणे सोपे असते, एवढाच आठाचा खरा फायदा आहे. सोळा जणांसाठी दोन मार्गदर्शक देणारा संयोजक मला आठ जणांमागे एक देणाऱ्याइतकाच चालेल.

आपल्या दोन्ही आराखड्यांबद्दलही बोलतो. पहिल्यातला शेवटचा दिवस मला अजिबात पटत नाही. पारोहून फुंतशोलिंगपर्यंतचा घाटरस्ता साडेचार-पाच तासांचा आणि जयगावहून बागडोगरा आणखी चार तासांचा. सीमेवरची नोंद आणि गाडी बदलण्याचा वेळ वेगळाच. आदल्या दिवशी तक्त्संग चढून उतरलेल्या गुडघ्यांना नऊ-दहा तास गाडीत दुमडून बसावे लागेल, आणि घाटात कुठे रस्ता अडला तर विमान गेलेच. तिथे शेवटची रात्र फुंतशोलिंगला हवी. दुसऱ्या आराखड्यातला दोष वेगळा आहे. पारोला उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी तक्त्संग ठेवणे ही केवळ त्यांची सोय आहे, आपली नव्हे. पारोच्या दोन रात्री शेवटी आणि एकच रात्र आधी, अशी अदलाबदल करायला सांगा. एकूण रात्री तेवढ्याच राहतात आणि हॉटेलवाल्यालाही फरक पडत नाही.

घोड्यांविषयी : घोडे कॅफेटेरियापर्यंतच नेतात आणि केवळ चढताना नेतात, उतरताना माणसे बसवत नाहीत. आपल्या यजमानांचा त्रास उतरतानाचा असल्यामुळे घोड्याच्या भरवशावर बेत आखू नये.


वेताळटेकडी :

मी फिजिशियन आहे आणि दरवर्षी हिमालयात जाणारे बरेच रुग्ण जाण्यापूर्वी तपासणीसाठी येतात. वरच्या प्रतिसादातील आराखड्याच्या क्रमाविषयीचा मुद्दा वैद्यकीयदृष्ट्याही योग्य आहे, म्हणून त्यात थोडी भर घालते.

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे. थिंपू साधारण २,३०० मीटरवर, पारो त्याहून थोडे खाली, तर पुनाखा केवळ १,२०० मीटरच्या आसपास. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. उंचीचा आजार बहुधा २,५०० मीटरच्या वर मुक्काम केल्यास दिसतो. थिंपू-पारोत झोपणाऱ्यांना तो क्वचित होतो, पण पहिले दोन-तीन दिवस धाप लागणे, झोप मोडणे आणि भूक मंदावणे हे सर्रास आढळते. शरीराला या काळात जमवून घेऊ दिले, तर सहाव्या दिवशीचा तक्त्संगचा चढ आणि दुसऱ्या दिवशीचा तोच चढ यांत आपल्या बहिणीला जाणवण्याइतका फरक पडेल.

फोबजिखा खोरे सुमारे ३,००० मीटरवर आहे आणि तिथला मुक्काम हा आपल्या दुसऱ्या प्रस्तावातील सर्वांत उंच मुक्काम ठरतो. थिंपू आणि पुनाखानंतर तो येत असल्यामुळे मला त्यात गैर वाटत नाही. मात्र नोव्हेंबरच्या उत्तरार्धात तिथे रात्री तापमान शून्याजवळ जाते, तेव्हा खोलीत बुखारी (लाकडाची शेगडी) किंवा विजेचा हीटर आहे का, गरम पाण्याच्या पिशव्या मिळतात का, हे आधी विचारावे. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो, हे रक्तदाबाच्या रुग्णाने विसरू नये. पारोजवळच्या चेलेला खिंडीचा फेराही अनेक सहलींत असतो. ही खिंड ४,००० मीटरला थोडीच कमी आहे. गाडीने जाऊन तासाभरात खाली येणे बहुतेकांना झेपते, परंतु तो फेरा पहिल्या दोन दिवसांत नसावा आणि वर गेल्यावर उगाच भरभर चालू नये.

बहिणीने निघण्यापूर्वी महिनाभर आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना भेटून रक्तदाब, ईसीजी आणि हिमोग्लोबिन पाहून घ्यावे. गोळीत मूत्रल, म्हणजे लघवीचे प्रमाण वाढवणारे, औषध असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून विचारावे, कारण उंचीवर कोरड्या हवेने आधीच पाणी कमी होते. उंचीच्या आजारावरील अ‍ॅसिटाझोलामाइड नावाची गोळी मित्रमंडळींच्या सांगण्यावरून स्वतःहून घेऊ नये. ती सल्फा गटाशी संबंधित औषध आहे आणि मूत्रलही आहे. या प्रवासात ती सरसकट लागत नाही. पहिल्या रात्री झोपेची गोळी आणि मद्य टाळावे. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा अतिथकवा जाणवला, तर त्या दिवशी आणखी वर जायचे नाही, आणि त्रास वाढला तर खाली यायचे. हा नियम गटाच्या मार्गदर्शकाला ठाऊक आहे का, गाडीत प्राणवायूचा सिलिंडर आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर असते का, हेही प्रश्नांत घालावे.

यजमानांच्या गुडघ्यासाठी आजपासूनच मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम सुरू करावेत. उतरताना गुडघ्यावर येणारा भार तेच पेलतात. दोन काठ्या घ्याव्यात, एक नव्हे. वेताळ टेकडी आपल्या घराजवळच आहे. पंधरवड्यानंतर चढण्यापेक्षा उतरण्याच्या सरावाला अधिक वेळ द्यावा आणि तोही प्रवासात घालणार असलेल्या बुटांनीच करावा.


मुठाकाठ :

आपणा दोघांचेही मनापासून आभार. बाकावरचा तो प्रसंग मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग कपाटातून जुनी काठी काढून तिचे रबर तपासत बसले.

आणखी दोन शंका आहेत. गट एकत्र करण्याचा प्रकार आधी कसा ओळखावा? आणि आठ जणांची सहल इतकी महाग का पडते, त्यात संयोजकाचा नफा किती आणि खरा खर्च किती, हे कुणी समजावून सांगेल का?


कात्रजघाट :

मी पुण्यातून छोट्या गटांच्या सहली नेतो, भूतानलाही नेतो. हे आधीच सांगतो म्हणजे माझे म्हणणे त्या प्रकाशात वाचता येईल. इथे माझ्या व्यवसायाची जाहिरात करायची नाही, त्यामुळे संपर्क विचारू नये.

भूतानच्या खर्चाचे दोन भाग असतात. एक भाग माणसागणिक ठरलेला असतो : हॉटेल, जेवण, स्मारकांचे प्रवेशशुल्क आणि तिथल्या सरकारचे शाश्वत विकास शुल्क. हे शुल्क सप्टेंबर २०२२ मध्ये देश पुन्हा खुला झाल्यापासून भारतीयांना माणशी दर रात्री १,२०० रुपये आहे. सहा रात्री सगळ्या आत काढल्या, तर ७,२०० रुपये माणशी, तिघांचे २१,६०० रुपये. गट आठचा असो की ऐंशीचा, यात एका रुपयाचाही फरक पडत नाही. हे शुल्क किमतीत धरले आहे की वेगळे भरायचे, हे लेखी विचारा, कारण कमी दिसणाऱ्या किमतीत अनेकदा तेच वगळलेले असते. तक्त्संगचे प्रवेशशुल्क इतर ठिकाणांपेक्षा बरेच जास्त असते, तेही विचारा.

दुसरा भाग संपूर्ण गटावर विभागला जातो : गाडी, चालक, मार्गदर्शक, त्यांचा राहण्याचा खर्च आणि पुण्याहून जाणारा मॅनेजर असल्यास त्याचे विमान, खोली आणि शुल्क. सोळा जणांत मॅनेजरचा खर्च सोळांवर पडतो, आठ जणांत आठांवर. म्हणूनच आठ जणांच्या बहुतेक सहलींना पुण्याहून मॅनेजर नसतो आणि सगळी भिस्त भूतानी मार्गदर्शकावर असते. माझ्या अनुभवात ही उणीव ठरत नाही. तिथले मार्गदर्शक परवानाधारक असतात, हिंदी बहुतेकांना उत्तम येते आणि झोंगमधल्या भित्तिचित्रांतली कथा ते जशी सांगतात, तशी आमचा मॅनेजर पाठ करूनही सांगू शकत नाही. मराठी माणूस सोबत असण्याचा उपयोग मुख्यतः आजारपणात, जेवणाच्या आवडीनिवडीत आणि घरी फोन करण्याच्या वेळी होतो. आपण तिघे एकमेकांना सांभाळणारे असाल, तर त्याच्यावाचून अडणार नाही. तेव्हा आपल्या अठरा हजारांतला काही भाग पारोच्या विमानाचा आणि बराचसा भाग गाडी-मार्गदर्शकाचा वाटा आठांत विभागल्याचा आहे. मला ती तफावत अवाजवी वाटत नाही.

आता गट एकत्र करण्याविषयी. आमच्या धंद्यात सुटण्याची तारीख जाहीर होते तेव्हा किती जण येतील हे कुणालाच माहीत नसते. पुरेशी नोंदणी झाली नाही की तीन वाटा उरतात : सहल रद्द करणे, नुकसान सोसून नेणे किंवा दुसऱ्या संयोजकाच्या गटात मिसळणे. तिसरी वाट चुकीची नाही, न सांगता मिसळणे चुकीचे आहे. म्हणून गटाची कमाल संख्या किती, किमान संख्या किती झाली की सहल नक्की होते, तेवढी न झाल्यास आम्हाला कधीपर्यंत कळवणार, आणि गट दुसऱ्यात मिसळल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल का, हे चार प्रश्न ईमेलवर विचारा आणि उत्तर ईमेलवरच घ्या. फोनवर मिळालेल्या होकाराचा पुढे काही उपयोग होत नाही. हॉटेलांची नावे मागा. नावापुढे 'किंवा तत्सम' असेल, तर तत्सम म्हणजे कोणते याची दुसरी दोन नावे मागा. पारोत हॉटेल गावाजवळ आहे की वरच्या उतारावर, खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत आणि लिफ्ट आहे का, हे दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाने विचारायलाच हवे. तिथली कितीतरी हॉटेले डोंगरउतारावर बांधलेली असतात आणि दोन-तीन मजल्यांच्या इमारतींना लिफ्ट नसते.

विमानाविषयी एक सावधगिरी. पारोचा विमानतळ अरुंद खोऱ्यात आहे आणि तिथे विमाने केवळ दिवसाउजेडी, डोळ्यांनी खोरे पाहत उतरवली जातात. ढग उतरले किंवा वारा सुटला की उड्डाणे पुढे जातात. कोलकाता ते पुणे हे परतीचे तिकीट जर वेगळे काढलेले असेल आणि त्याच दिवसाचे असेल, तर पारोचे विमान उशिरा आल्याचा भुर्दंड आपल्यालाच बसतो. कोलकात्यात एक रात्र ठेवावी. नोव्हेंबरात हवा सहसा स्वच्छ असते, पण मी स्वतः दोनदा गट घेऊन कोलकात्याला पुणे-विमानाच्या पाठीकडे पाहत उभा राहिलो आहे.

आणखी एक पर्याय प्रामाणिकपणे सांगणे माझे कर्तव्य आहे. आपण तिघे आहात. ओळखीतले आणखी एक जोडपे किंवा एखादे कुटुंब मिळाले आणि पाच-सहा जण झालात, तर कुणाच्या गटात सामील न होता आपलीच गाडी, आपलाच मार्गदर्शक आणि आपलाच वेळ अशी सहल त्याच थिंपूच्या संयोजकाकडून साधारण तेवढ्याच खर्चात बसते. छोट्या गटाचा सगळ्यात मोठा धोका हाच असतो की आठातल्या दोघांचे स्वभाव जुळले नाहीत तर लपायला जागा नसते. चाळिसांत ते खपून जाते.

पैसे भारतातील संयोजकाला देणार असाल, तर परदेशी सहलीच्या पॅकेजवर जीएसटीखेरीज टीसीएसही (पैसे घेतानाच गोळा केला जाणारा आयकर) घेतला जातो. तो खर्च नव्हे. प्रमाणपत्र जपून ठेवा, विवरणपत्र भरताना तो वळता होतो.


पानशेत :

मोजकेच लिहिते. भूतानला भारतीयांना व्हिसा लागत नाही, परंतु प्रवेशासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्ड चालत नाही. आमच्या गटातील एका काकूंच्या मतदार ओळखपत्रावर माहेरचे नाव होते आणि विमानाच्या तिकिटावर सासरचे. फुंतशोलिंगच्या कार्यालयात त्यांचा अर्धा दिवस गेला आणि बाकीच्यांचाही गेला. गट लहान असल्यामुळे सगळे त्यांच्यासाठी थांबले, हे खरे, पण थिंपूला पोहोचायला रात्रीचे नऊ वाजले आणि घाटातला सगळा देखावा अंधारात गेला.

फोबजिखाविषयी आपल्याला उत्सुकता असेल म्हणून सांगते. काळ्या मानेचे क्रौंच तिबेटच्या पठारावरून ऑक्टोबरअखेरीपासून तिथे येऊ लागतात आणि फेब्रुवारीपर्यंत राहतात. आपण जाल तेव्हा ते तिथे असतील. दलदलीच्या कडेने चालत जायची सपाट पायवाट आहे, गुडघ्याला त्रास नाही. पहाटे पाहिले तर दवाने पांढरे झालेले गवत आणि त्यात मान खाली घालून चरणारे करडे पक्षी एवढेच दिसते, आणि एखादा पक्षी ओरडला की तो आवाज खोऱ्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. ज्या सहलीत ही एक रात्र आहे ती मी निवडेन. थिंपूतली दुसरी रात्र गेली तरी हरकत नाही.

झोंग आणि मंदिरांत पूर्ण बाह्यांचे कपडे आणि लांब पँट किंवा साडी-सलवार हवी, टोपी काढावी लागते, आत छायाचित्रे घेता येत नाहीत. तक्त्संगला तर मोबाईल आणि पिशव्या दाराशीच ठेवून घेतात. शाकाहारी जेवण सगळीकडे मिळते, फक्त एमा दात्शी मागवताना ती मिरच्यांची भाजी आहे, मिरची घातलेली नव्हे, हे लक्षात असू द्यावे.


मुठाकाठ :

सर्वांची उत्तरे तीनदा वाचली आणि गेल्या शनिवारी दोन्ही संयोजकांना एकच ईमेल पाठवला. त्यात गटाची कमाल आणि किमान संख्या, गट मिसळण्याविषयीचे धोरण, हॉटेलांची नावे आणि पायऱ्या, शाश्वत विकास शुल्क आणि तक्त्संगचे प्रवेशशुल्क, तसेच तक्त्संगच्या दिवशीची गाडी आणि मार्गदर्शकांची व्यवस्था हे सगळे विचारले.

पुण्यातील संयोजकांनी फोन केला. माणूस अतिशय अगत्याने बोलला आणि शेवटची रात्र फुंतशोलिंगला वाढवून देतो असेही म्हणाला. परंतु तक्त्संगच्या दिवशी दुसरा मार्गदर्शक देणे जमणार नाही, "वयस्कर मंडळी बहुधा कॅफेटेरियापर्यंतच जातात," असे त्याचे म्हणणे पडले. ईमेलवर उत्तर अजून आलेले नाही. थिंपूच्या संयोजकांचे उत्तर सोमवारी सकाळी आले. क्रम बदलून त्यांनी पारो एक, थिंपू एक, पुनाखा एक, फोबजिखा एक आणि शेवटी पारो दोन असा आराखडा पाठवला आहे. तक्त्संगच्या दिवशी सकाळी सातला निघायचे, परतीची वेळ ठरवलेली नाही आणि चालक दिवसभर पायथ्याशी थांबेल, असे लिहिले आहे. मार्गदर्शक मात्र एकच आहे. गट सहापेक्षा मोठा झाला तर त्या एका दिवसापुरता दुसरा मार्गदर्शक माणशी थोड्या जादा रकमेत देण्याची त्यांची तयारी आहे. ती रक्कम आम्ही तिघे देऊ. पारोतले हॉटेल तीन मजली आहे आणि लिफ्ट नाही, म्हणून तळमजल्यावरच्या दोन खोल्या लेखी मागितल्या आहेत.

यजमानांच्या बँकेतले एक सहकारी आणि त्यांच्या पत्नी यांना विचारले आहे. ते आले तर आम्ही पाच होऊ आणि मग स्वतंत्र गाडीचाच विचार करू. त्यांचे उत्तर रविवारपर्यंत येईल. कोलकात्यात येताना एक रात्र धरली आहे, तिथे बहिणीची मैत्रीण राहते.

बहिणीचा ईसीजी काढून झाला, डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हणून सांगितले आणि गोळीत मूत्रल औषध नसल्याचेही पाहिले. तिच्याकडे पासपोर्ट नाही. पानशेत यांचा प्रतिसाद वाचल्यावर मतदार ओळखपत्र बाहेर काढले, तर त्यावर तिच्या नावातले एक अक्षर चुकलेले आहे आणि जन्मवर्षही एकाने मागे आहे. दुरुस्तीचा अर्ज क्रमांक ८ आज संध्याकाळी ऑनलाइन भरणार आहे. नवीन ओळखपत्र हातात पडेपर्यंत तिचे विमानाचे तिकीट काढत नाही.